जिगर, हळद आणि कलोंजीचा धंदा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असे लिहून आले की आपल्या घरांत दोन गोष्टी घडतात. माणूस चपापतो आणि कुणी विचारले नसतानाही खुलासा करू लागतो, ‘मी तर दारूला कधी हात लावला नाही.’ आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या मोबाइलवर पाच-सहा नुस्खे येऊन पडतात. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात हळद आणि काळी मिरी. रात्री मधात दालचिनी. कलोंजीचे तेल सात थेंब. आल्या-लसणाचा रस, त्यात लिंबू. कुणी चुलत मेहुणा सांगतो की अमुक हकीमसाहेबांकडे जिगरची पुडी मिळते, महिन्याभरात रिपोर्ट साफ.

डॉक्टरने काय सांगितले होते? वजन कमी करा, साखर तपासा, गोड पेये बंद करा, चाला, तीन महिन्यांनी परत या. हे कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात चमत्कार नाही आणि विकण्यासारखेही काही नाही.

मसाल्यांवर माझा राग नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हळद, जिरे, धणे, आले, लसूण, मेथी, कढीपत्ता यांवाचून आपले सालन होत नाही आणि होऊही नये. माझे भांडण आहे ते याच वस्तूंना स्वयंपाकघरातून उचलून बाटलीत, कॅप्सूलमध्ये आणि पुडीत भरणाऱ्यांशी. त्यावर कधी ‘आयुर्वेद’ तर कधी ‘तिब्ब-ए-नबवी’ अशी चिठ्ठी चिकटवून ते आजारी माणसाला विकतात. आणि भांडण आहे ते विकत घेणाऱ्या आपल्याशीही.

आधी त्या दारूच्या खुलाशाबद्दल. आपल्या समाजात एक समजूत घट्ट बसली आहे की यकृताचा आजार म्हणजे दारुड्याचा आजार. म्हणजे आपण सुरक्षित. ही समजूत आता जीव घेऊ लागली आहे. २०२२ साली दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी भारतातले तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा प्रौढांमध्ये दारूशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरचे प्रमाण सुमारे ३८ टक्के निघाले. म्हणजे दहांतले जवळपास चार. या आजाराच्या इंग्रजी नावात ‘नॉन-अल्कोहोलिक’ असा शब्द होता. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ते नाव बदलले आणि चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेले नवे नाव दिले. कारण मूळ तिथे आहे: पोटावरची चरबी, मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड, रक्तदाब. दारू न पिण्याचे पुण्य जरूर मिळेल, पण रोज दोन बाटल्या थंड पेय, मैद्याचे पाव, डालड्यातली बिर्याणी आणि दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसून राहणे यांतून यकृतात चरबी साठायची ती साठतेच. तिला हराम-हलालचा फरक कळत नाही.

आता मसाल्यांकडे येऊ. गंमत अशी की आपल्याकडे वर्षानुवर्षे कावीळ झालेल्या माणसाची हळद बंद केली जाते. कावीळ पिवळी, हळद पिवळी, म्हणून हळद खाल्ली तर कावीळ वाढेल असा सरळ हिशेब. भाजी बिनहळदीची, वरण पांढरे. तेलाचा थेंब नाही आणि वर उसाचा रस. या हिशेबाला काडीचा आधार नव्हता. काविळीत डोळे पिवळे होतात ते बिलिरुबिनमुळे. ते तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होते आणि आजारी यकृताला ते नीट बाहेर टाकता येत नाही. हळदीच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. आज त्याच घरात, कधी कधी त्याच आजीबाई, यकृतासाठी हळद पाजत आहेत. काल जहर होती ती आज अमृत झाली, आणि दोन्ही वेळा कुणी विचारले नाही की हे तुम्हाला कसे कळले?

हळदीतला ज्या घटकाचा एवढा बोलबाला आहे तो कर्क्युमिन. हळदीच्या पुडीत तो साधारण तीन टक्के असतो, कमी-जास्त. दिवसभरात घरातल्या जेवणातून एका माणसाच्या पोटात दोन-अडीच ग्रॅम हळद गेली तर कर्क्युमिन गेले साठ-पंचाहत्तर मिलिग्रॅम. त्यातलेही रक्तात फारच थोडे पोहोचते. आतडे आणि यकृत ते लगेच रूपांतरित करून बाहेर काढतात. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी दाखवले की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे काळ्या मिरीतला तिखट घटक, दिला तर रक्तातले प्रमाण सुमारे २० पट वाढते. या एका प्रयोगावर जगभरच्या कॅप्सूल कंपन्या उभ्या राहिल्या. ‘हळदीत चिमूटभर मिरी घाला’ हा जो सल्ला तुम्हाला येतो त्याचे मूळही तिथेच आहे, फक्त वाटेत दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनची चमचाभर हळद झाली.

पण ज्या गोष्टीने फायदा २० पट वाढेल असे तुम्ही मानता, तिने तोटा का वाढू नये? हा प्रश्न जाहिरातीत नसतो. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारे डॉक्टरांचे एक जाळे आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे काही लोकांची जडणघडणच अशी असते की ही वस्तू त्यांना बाधते, आणि ती खूण कपाळावर लिहिलेली नसते. ज्या उत्पादनांची तपासणी झाली त्यांतल्या काहींत पिपेरीनही होते. त्याआधी २०१९ साली इटलीत कर्क्युमिनच्या पूरकांनंतर हेपेटायटिस झाल्याच्या घटना पुढे आल्या आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाने बाटल्यांवर इशारा छापायला लावला. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानेही असाच इशारा दिला.

इथे कुणी म्हणेल, मग हळद सोडायची का? अजिबात नाही. हे रुग्ण भाजीतल्या हळदीने आजारी पडलेले नव्हते. गोळी आणि भाजी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नेमका तोच पुसून टाकण्यावर हा धंदा चालतो. विकताना सांगायचे, ‘अहो, ही तर आपल्या घरातली हळद, हिचे काय नुकसान होणार?’ आणि बाटलीवर छापायचे, ‘९५ टक्के कर्क्युमिन, २० पट शोषण.’ घरातली हळद असेल तर २० पट नाही, आणि २० पट असेल तर ती घरातली हळद राहिली नाही.

दालचिनीचेही तसेच. तिच्या दोन मुख्य जाती बाजारात येतात. एक श्रीलंकेची खरी दालचिनी, पातळ, नाजूक, कागदाच्या सुरळीसारखी, महाग. दुसरी कॅसिया, जाड सालीची, चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येणारी, स्वस्त. आपल्या किराणा दुकानात ‘दालचिनी’ म्हणून बहुतेक वेळा मिळते ती ही दुसरी. कॅसियात कूमरिन नावाचे द्रव्य बरेच असते आणि काही लोकांच्या यकृताला ते इजा करते. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने ठरवलेली मर्यादा आहे शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.१ मिलिग्रॅम. जर्मनीच्या सरकारी संस्थेने त्यावरून हिशेब मांडला तो असा, की साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे दोन ग्रॅम कॅसियात ही मर्यादा गाठता येते. बिर्याणीच्या अख्ख्या देगेत घातलेले दोन-चार तुकडे तुमच्या ताटात येईपर्यंत काहीच उरत नाहीत. पण ‘रोज रात्री मधात चमचाभर दालचिनी पूड’ म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास, रोज, महिनोन्‌महिने. फॅटी लिव्हरचा माणूस यकृत सुधारण्यासाठी यकृताला त्रासदायक द्रव्य मर्यादेपेक्षा जास्त खातो आहे, वर मधाची साखर. हा नुस्खा कुणाच्या डोक्यातून निघाला माहीत नाही, पण त्याला दालचिनीच्या दोन जाती असतात हे ठाऊक नव्हते एवढे नक्की.

‘पण संशोधन झाले आहे ना!’ झाले आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत विशेषतः इराणमध्ये अशा चाचण्यांचा मोठा सपाटा लागला. आले, दालचिनी, लसूण, कर्क्युमिन, कलोंजी, सगळ्यांवर. बहुतेकांत रुग्ण चाळीस-पन्नास, काहींत शंभराच्या आसपास, काळ आठ ते बारा आठवडे. काहींत एसजीपीटीचा आकडा थोडा खाली आला, काहींत आला नाही. यांत बनवाबनवी आहे असे मी म्हणत नाही. पण चाचणीतल्या रुग्णांना आहाराचा आणि व्यायामाचा सल्लाही बहुधा दिलेला असतो, आणि बारा आठवड्यांत यकृतातले व्रण कमी झाले की नाही ते कळत नाही. फॅटी लिव्हरमध्ये खरी भीती असते ती या व्रणांची, पुढे सिरॉसिसची. बाकीचे बहुतांश ‘संशोधन’ उंदरांवरचे असते. उंदराला आधी विषारी रसायन देऊन त्याचे यकृत बिघडवायचे, मग मसाल्याचा अर्क पाजायचा.

इब्न सिना आपल्या व्यासपीठांवर सारखा मिरवला जातो. ‘अल-कानून फित-तिब्ब’चे नाव घेतले की टाळ्या पडतात. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, साधारण १०२५ च्या सुमारास, औषध कसे पारखावे याचे नियम त्याने घालून दिले आहेत. एका वेळी एकच आजार असलेल्या माणसावर पारखा, परिणाम पुन्हा पुन्हा दिसतो का ते बघा, योगायोग नाही याची खात्री करा. आणि एक नियम असा की प्रयोग माणसाच्या शरीरावर व्हायला हवा, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे दिसले त्यावरून माणसाबद्दल काही सिद्ध होईलच असे नाही. हजार वर्षांपूर्वी तो सिंह आणि घोडा म्हणाला, आपण उंदरावर समाधान मानतो आणि पुडीवर त्याचेच चित्र छापतो.

कलोंजीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सहीह बुखारीत काळ्या बियांची थोरवी सांगणारी हदीस आहे, मृत्यू सोडून सर्व आजारांवर तिला शिफा मानणारी. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर बाटल्या मांडणाऱ्या प्रत्येकाच्या फ्लेक्सवर ती छापलेली असते. मी काही आलिम नाही. पण ज्यांना आलिम म्हणून सगळे मानतात त्यांनी यावर काय लिहून ठेवले आहे ते तरी वाचायला काय हरकत आहे? दहाव्या शतकातले हदीसचे भाष्यकार खत्ताबी यांनी सांगितले की इथले ‘सर्व’ हे शब्दाने सर्वसाधारण आहे, अर्थाने विशिष्ट आहे. एका प्रकारच्या विकारांपुरते. इब्न खल्दून तर त्याच्याही पुढे गेला. ‘मुकद्दिमा’त त्याने स्पष्ट मांडले की रिवायतींमध्ये येणारे वैद्यक हे त्या काळच्या अरबांचे, बदूंचे, अनुभवावरचे वैद्यक होते, तो वहीचा भाग नाही. पैगंबर शरियत शिकवायला आले होते, वैद्यकी शिकवायला नाही. खजुराच्या परागीकरणाचा प्रसंगही त्याने यासाठीच आठवून दिला, ज्यात दुनियेच्या व्यवहारातले तुम्हाला अधिक कळते असे खुद्द पैगंबरांनी लोकांना सांगितले होते. हे १३७७ साली लिहिले गेले. आज कुणी इतके बोलला तर त्याच्या ईमानाची चौकशी होईल.

श्रद्धेने कुणी चिमूटभर कलोंजी खात असेल तर माझी तक्रार नाही. नानच्या वर, लोणच्यात, मला स्वतःला आवडते. पण हेपेटायटिस बीचा रुग्ण गोळ्या बंद करून कलोंजीच्या तेलावर राहतो, तेव्हा तो आपल्या दृष्टीने दीनवर भरवसा ठेवत असतो. प्रत्यक्षात भरवसा असतो तो दोनशे रुपयांच्या बाटलीवर, आणि तिच्यावर उत्पादकाचा धड पत्ताही नसतो. हेपेटायटिस बीची गोळी अचानक थांबवली तर विषाणू उसळी मारून उठू शकतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ज्या मजहबने इलाज करा असे सांगितले, त्याच मजहबच्या नावाने इलाज बंद करायला लावायचा, याला काय म्हणावे?

हे फक्त आपल्याकडे आहे असे समजून बाकीच्यांनी मान डोलवू नये. कोविडच्या काळात मसाल्यांचीही जात-धर्म ठरली होती. सरकारी काढा ‘भारतीय’, कलोंजी ‘त्यांची’. घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण सापडले, सगळे गुळवेल घेणारे. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केल्यावर आयुष मंत्रालयाने हे दिशाभूल करणारे आहे, वनस्पती ओळखण्यात गल्लत झाली असेल, असे म्हटले. पुढच्याच वर्षी देशभरातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. गुळवेल शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवते आणि ज्यांच्यात मुळात स्वतःच्याच यकृतावर हल्ला करण्याची प्रवृत्ती दडलेली असते त्यांच्यात ती उघडी पडते, असे डॉक्टरांचे म्हणणे. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्यांना वाटते की ती नळासारखी आहे, सोडली की नुसते चांगलेच पाणी येईल.

आणि भुईआवळी. काविळीवरचे हे जुने, मानाचे औषध. १९८८ साली मद्रासच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये अभ्यास छापला. हेपेटायटिस बीचे विषाणू बाळगणाऱ्या ३७ जणांना ही वनस्पती दिली, त्यांतल्या ५९ टक्क्यांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. जगभर खळबळ. ज्यांनी हा विषाणू शोधून नोबेल मिळवले ते ब्लूमबर्गही या संशोधनात होते. मग इतर देशांत, इतर गटांनी करून पाहिले आणि तसे काही हाती लागले नाही. विज्ञानात असे होते, त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र भुईआवळीच्या पाकिटांवर १९८८ अजून चालूच आहे, त्यानंतरची वर्षे आलीच नाहीत.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती ‘डिटॉक्स’ या शब्दाची. यकृत म्हणजे सव्वा-दीड किलोची गाळणी आणि तिच्यात मळ साचतो, अशी कल्पना करून मग ती धुवायला निघायचे. अहो, यकृत हेच धुणारे आहे. प्रथिनांतून निघणाऱ्या अमोनियाचे युरिया करून ते मूत्रपिंडाकडे पाठवते, औषधे मोडते, पित्त तयार करते. तुम्ही सकाळी अनशापोटी जो अर्क त्याच्यावर ओतता, तो मोडून काढण्याचे कामही त्यालाच करावे लागते.

यात भरडला जातो तो गरीब माणूस. भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या वस्त्यांत क्षयाचे रुग्ण कमी नाहीत. क्षयाच्या ज्या गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात त्यांतल्या आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिघींचाही काहींच्या यकृताला त्रास होतो. डॉक्टर त्यावर लक्ष ठेवतात, गरज पडली तर गोळ्या थांबवून पुन्हा एकेक सुरू करतात. आता अशा रुग्णाला कुणी ‘गोळ्या गरम पडतात, जिगर सांभाळ’ म्हणून मिरी-पिंपळीचा काढा किंवा हकीमाची पुडी दिली आणि कावीळ झाली, तर कशाने झाली हे डॉक्टरने कसे ओळखायचे? पुडीत काय आहे ते पुडी देणारा सांगत नाही, आणि पुडी घेतली हे रुग्ण सांगत नाही. दोष जातो गोळ्यांवर. गोळ्या सुटतात, क्षय बळावतो, घरात आणखी दोघांना होतो.

कावीळ तर आपल्याकडे मुख्यतः पाण्याची. हेपेटायटिस ए आणि ई. दिल्लीत १९५५-५६ साली गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. इचलकरंजीत २०१२ साली पंचगंगेच्या प्रदूषणाने जी साथ आली ती अजून लोकांच्या आठवणीत आहे. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत हेपेटायटिस ई झाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार दर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. तेव्हा मोहल्ल्यात कावीळ आली की मोर्चा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यावर जायला हवा. आपण जातो कावीळ उतरवणाऱ्याकडे. तो हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळतो, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळे होते, ‘बघा, कावीळ निघाली.’ अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी हा प्रयोग गावोगाव करून दाखवला आहे. निरोगी माणसाचेही पाणी पिवळेच होते. मग वाटेत गाड्यावर उसाचा रस घ्यायचा, कुठल्या पाण्याचा बर्फ आहे ते न विचारता.

मसाल्यांत यकृताला खरा धोका कशाचा असेल तर तो बुरशीचा, आणि त्यावर एकही फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही. ओलसर राहिलेल्या मिरचीवर, शेंगदाण्यावर, मक्यावर जी बुरशी वाढते ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. १९७४ साली राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन आदिवासी पाड्यांत काविळीची साथ आली, शंभराहून अधिक माणसे मेली. खाण्याला दुसरे काही नव्हते म्हणून त्यांनी तो मका खाल्ला. आज स्वस्तातली सुटी मिरची पूड घेणाराही हौसेने घेत नाही. डाग पडलेल्या, ओलसर मिरच्या दळल्या की लाल रंगात सगळे झाकून जाते. वर्षाचे तिखट-मसाला करताना आपल्या आया मिरची कडक उन्हात वाळवून, एकेक निवडून, देठ काढून मगच कांडायला का देत, याचे उत्तर इथे आहे. यकृतासाठी मसाल्याचे काही करायचेच असेल तर हे करा: अख्खी मिरची घ्या, वाळवा, निवडा, कोरड्या बरणीत ठेवा.

आता उलट बाजूच्या शहाण्यांबद्दल दोन शब्द. काही डॉक्टर रिपोर्ट बघताच म्हणतात, ‘तुम्ही लोक मसालेदार फार खाता, बंद करा.’ ‘तुम्ही लोक’ हे विशेष. तिखट-मसाल्याने फॅटी लिव्हर होत नाही. छातीत जळजळ होईल, ती वेगळी. बिर्याणीत यकृताला नडते ते वेलची-लवंग-शाहजिरे नव्हे, त्यातले वनस्पती तूप, भाताचा डोंगर आणि सोबतची थंड पेयाची बाटली. उलट फोडणी चांगली जमली, धणे-जिरे-लसूण नीट भाजले गेले, तर कमी तेलातही दोडक्याची भाजी माणूस आवडीने खातो. पथ्याच्या नावाखाली मीठ-हळदीचे उकडलेले खायला लावले की चौथ्या दिवशी तो समोसा खायला बाहेर पडतो. यकृतासाठी मसाल्याचा उपयोग मला विचाराल तर हा आहे: डाळ, पालेभाजी, मासा, कडधान्य यांना चव आणणे. मधल्यामध्ये त्या घरातल्या बाईची कुतरओढ होते. एकीकडे नवऱ्याचा काढा वेगळा उकळायचा, दुसरीकडे ‘तुझ्या हातच्या मसाल्यानेच झाले’ हेही ऐकून घ्यायचे. तिच्या स्वतःच्या पोटाची सोनोग्राफी कुणी केलेली नसते.

वजन पाच टक्क्यांनी उतरले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, सात ते दहा टक्क्यांनी सूज उतरते, दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरले तर व्रणही मागे हटू शकतात. ऐंशी किलोच्या माणसाला चार ते आठ किलो. कुठल्याही मसाल्याच्या बाजूने एवढा भक्कम पुरावा नाही. आणि ज्या एका पेयाबद्दल वर्षानुवर्षांच्या मोठ्या अभ्यासांत यकृताचे आजार कमी आढळले आहेत ते आहे कॉफी, बिनसाखरेची किंवा कमी साखरेची. यमनच्या सूफींनी जगाला दिलेली. तिच्यावर १५११ साली मक्केत बंदी आली होती. आज तिला कुणी तिब्बच्या बाटलीत भरत नाही हे तिचे नशीब.

रमजान जवळ येतो आहे. बारा-तेरा तासांच्या रोजानंतर आपण दस्तरख्वानवर काय मांडतो ते बघा. भजी, समोसे, कटलेट, तेच तेल पुन्हा तापवलेले, लाल सरबताचे दोन-दोन ग्लास, वर फालुदा. मग तरावीहनंतर चौकात शोरमा. ज्या महिन्यात यकृतातली चरबी सहज उतरू शकली असती त्याच महिन्यात वजन दोन किलो वाढवून आपण ईदला शीरखुर्मा खायला बसतो. तीन खजूर, पाणी, थोडे फळ, मग घरचे रोजचे जेवण एवढ्याने रोजा सुटत नाही का?

मशिदींच्या ट्रस्टींना एक विचारायचे आहे. जुम्याला गेटजवळची जागा तुम्ही कलोंजी आणि ‘जिगर टॉनिक’च्या टेबलाला देता. तीच जागा महिन्यातून एक जुमा हेपेटायटिस बी आणि सीच्या तपासणीला का देत नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात हेपेटायटिस बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी असलेले ५५ लाख लोक आहेत. बहुतेकांना ते माहीतच नाही. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सी तर बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, शंभरात पंचाण्णव जणांचा. बीवर लस आहे, बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायची. आपल्या किती बाळंतिणींना ती विचारून घ्यायची असते हे ठाऊक आहे? न्हाव्याचा तोच वस्तरा, टोचणाऱ्याची तीच सुई, हिजामाचे तेच पाते, यावर एखादा खुतबा झाला तर कलोंजीच्या शंभर बाटल्यांपेक्षा जास्त यकृते वाचतील.

आणि ज्यांना रिपोर्ट आला आहे त्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरला एवढेच विचारावे: माझा फिब-४ किती? वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स, या चार आकड्यांवरून तो काढतात. वेगळी महागडी तपासणी लागत नाही. व्रणांची शक्यता कमी आहे की पुढे फायब्रोस्कॅन करायला हवे, याचा पहिला अंदाज त्यातून येतो. विचारताना घरात चालू असलेल्या सगळ्या पुड्या, बाटल्या आणि कॅप्सूल पिशवीत घालून सोबत न्याव्यात आणि त्यांच्या टेबलावर ठेवाव्यात, कलोंजीसकट.